थ्री-नाइन कधी काढायचं?

पायथन ३.९ हे व्हर्जन ऑक्टोबर २०२० मध्ये आलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची मुदत संपली. पाच वर्षं, त्यातलीही शेवटची वर्षं फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्यांपुरती. मी सांभाळतो ती लायब्ररी छोटी आहे. सीएसव्ही फाइलमधली कोष्टकं वाचायची आणि '१२,५०,०००' असे आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिलेले आकडे पायथनला समजतील असे करून द्यायचे, एवढंच तिचं काम. मुदत संपली तशी एका सहकाऱ्याने पुल रिक्वेस्ट टाकली: थ्री-नाइन काढू या. बदल मोजक्या ओळींचा होता. चर्चा मात्र लांबली.

अशा वेळी कुणीतरी डाउनलोडचे आकडे आणून ठेवतंच. पायपीआयवर कोणत्या पायथनवरून किती वेळा पॅकेज उतरवलं गेलं हे उघड दिसतं, आणि थ्री-नाइनचा पट्टा चांगला जाड होता. पण ही मोजणी माणसांची नाही. कुठल्याशा कंपनीत कुणी कोड पुश केला की सीआयचं यंत्र कोरं वातावरण उभं करतं आणि सगळी पॅकेजं नव्याने उतरवतं. कॅशे नीट लावलेला नसेल तर एकच टीम हजार वापरकर्त्यांसारखी दिसते. उलट एखाद्या ऑफिसात स्वतःचा मिरर असतो, तिथे एकदा उतरवलेलं पॅकेज शंभर मशीनवर चालतं आणि आलेखात एक टिंब दिसतं. तो आलेख मी बघतो, त्यावरून ठरवत मात्र नाही.

एक जास्तीचं व्हर्जन ठेवायला काय जातं? प्रत्येक बदलाच्या टेस्ट लिनक्स, विंडोज आणि मॅकवर आणखी एकदा चालतात. ओपन सोर्सला हा यंत्रवेळ बहुधा फुकट मिळतो. लाल फुली उमटली की उघडून बघणाऱ्याची संध्याकाळ फुकट नसते. आणि ती फुली पुष्कळदा आपल्या कोडमुळे नसतेच. नमपायने २.१ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्येच, थ्री-नाइन सोडलं. त्यामुळे आमच्या टेस्ट थ्री-नाइनवर जुन्या नमपायसोबत चालायच्या, बाकी ठिकाणी नव्यासोबत. त्या जुन्या नमपायमध्ये काही सापडलं तर दुरुस्त कोण करणार? पाया निघून गेल्यावर आपला सपोर्ट कागदोपत्री उरतो.

नमपाय-सायपायच्या मंडळींनी हा वाद कॅलेंडरवर सोपवला आहे. आधी नेप २९ मध्ये व्हर्जन आल्यापासून ४२ महिने ठरले होते, पुढे स्पेक ० मध्ये तीन वर्षं. आमच्यासारख्या छोट्या लायब्ररीला एवढी घाई नको असं माझं मत. पायथनचीच पाच वर्षं पुरेत. तारीख आधीच ठरलेली असली की भांडण निम्मं होतं.

तरी नुसती तारीख उलटली म्हणून हात लावू नये. काढून काय मिळतं तेही बघावं. आमच्याकडे एक जागा होती. शीर्षकाची ओळ आणि आकड्यांची ओळ यांच्या जोड्या लावायला 'झिप' वापरलेलं. शीर्षकं बारा आणि आकडे अकरा असले तर झिप तक्रार करत नाही, बारावं शीर्षक गुपचूप गाळतं. हिशेबाच्या फाइलमध्ये रकाना असा नाहीसा होणं म्हणजे अनर्थच. म्हणून आम्ही लांबी तपासणाऱ्या ओळी हाताने लिहिल्या होत्या, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. पायथन ३.१० पासून झिपला 'स्ट्रिक्ट' सांगता येतं. जोडी जुळली नाही की तो तिथेच एरर देतो. माझ्या लेखी हे एक कारण पुरेसं होतं. याच ३.१० मध्ये 'मॅच' आलं. त्याने कोड देखणा होतो, पण आपल्या हौसेपायी दुसऱ्याचं चालतं काम का मोडा?

आणि काम मोडू नये याची सोय एका ओळीत आहे: 'रिक्वायर्स-पायथन'. पॅकेजच्या माहितीत तिथे '३.१० किंवा पुढचं' असं लिहिलं की थ्री-नाइनवरचा पिप आमचं नवं रिलीज सोडून देतो आणि त्याला चालेल असं शेवटचं जुनं रिलीज उचलतो. पिपला हे २०१६ च्या ९.० पासून जमतं. आयपायथॉन ६.० मधून २०१७ मध्ये पायथन २ वगळलं गेलं, त्याआधी त्यांच्याच लोकांनी ही सोय पुढे रेटली होती. ती नसती तर पायथन २ वाल्यांच्या मशीनवर नवं रिलीज बसलं असतं आणि पहिल्याच इम्पोर्टला कोसळलं असतं. मात्र याच ओळीत 'अमुकच्या खालीच' अशी वरची मर्यादा घालण्याचा मोह टाळावा. नव्या पायथनवरचा पिप मग मागे मागे जात ही मर्यादा नसलेलं एखादं पुरातन रिलीज शोधून बसवतो, आणि वापरणाऱ्याला कळतही नाही.

खरी अडचण रेड हॅटची. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये मूळ पायथन ३.९ आहे आणि त्या लिनक्सला २०३२ पर्यंत सपोर्ट. तिथल्या थ्री-नाइनला सुरक्षेच्या दुरुस्त्या रेड हॅट स्वतः देतं. म्हणजे पायथनवाल्यांनी मृत ठरवलेलं व्हर्जन तिथे धडधाकट आहे. एकाने इश्यूत कळवळून लिहिलं, आमचे सगळे सर्व्हर याच लिनक्सवर आहेत, आम्ही काय करायचं? प्रश्न रास्त आहे. पण जी कंपनी दहा वर्षांच्या स्थैर्यासाठी पैसे मोजते, तिला ते स्थैर्य विकणाऱ्याकडून मिळतं. सुट्टीच्या दिवशी लायब्ररी सांभाळणाऱ्यांकडून त्याची अपेक्षा धरणं मला पटत नाही. शिवाय त्याच लिनक्सवर ३.११ आणि ३.१२ शेजारी बसवता येतात. उत्तरात तसं लिहिलं, आणि जुनं रिलीज कुठेही जात नाही हेही लिहिलं.

थ्री-नाइन आम्ही पॅच रिलीजमध्ये काढलं नाही, पुढच्या मोठ्या रिलीजला काढलं. जुन्या रिलीजची ब्रँच वर्षभर ठेवायची असं ठरलं. त्यात नवी सोय येणार नाही, गती वाढणार नाही. आकडा चुकीचा वाचला जातोय असं कुणी दाखवून दिलं, तरच तिला हात लागेल.