वाटखर्चाचे कर्ज

मेनोनाइट नावाचे ख्रिस्ती लोक आहेत. सोळाव्या शतकात हॉलंडात मेनो सिमन्स नावाचा धर्मोपदेशक होऊन गेला. त्याच्यावरून हे नाव पडले. त्यांच्यात तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस जाणता झाला, की त्याने आपण होऊन तो घ्यायचा. शपथ घ्यायची नाही, हत्यार उचलायचे नाही, अशी त्यांची जुनी शिकवण.

यांतले पुष्कळ लोक रशियाच्या राज्यात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, शेती करीत होते. १९१७ साली तेथे क्रांती झाली. मग आपसांत लढाई जुंपली. गावे लुटली गेली, तापाची साथ आली. १९२१-२२ साली दुष्काळ पडला. तेव्हा १९२३ ते १९३० या काळात सुमारे २० हजार लोक घरदार सोडून कॅनडाला गेले. कितीतरी घरांत बाप उरला नव्हता. अशा घरांतल्या आईची हकीकत आम्ही सांगणार आहोत.

निघायच्या आधी आई पाव कडकडीत भाजून पोत्यांत भरी. वाट लांबची. आधी आगगाडी, मग बोट. हातात पैसा नाही. कॅनडातल्या कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे या कंपनीने पुष्कळांना तिकिटे उधारीवर दिली.

वाटेत डॉक्टर डोळे तपासत. खुपऱ्या निघाल्या, की पुढे जायला बंदी. खुपऱ्या म्हणजे पापणीच्या आत येणारे बारीक दाणे. घाणेरड्या हातांनी, एकाच फडक्याने सगळ्यांची तोंडे पुसल्याने आणि माश्यांनी हा रोग पसरतो. हयगय केली तर दृष्टी जाते. दुष्काळात, दाटीवाटीत राहिलेल्या पोरांना तो झाला, यात नवल काय? आजच्यासारखी औषधे तेव्हा नव्हती. बरे व्हायला महिने लागत.

आता आईने काय करावे? एक मूल अडकले, बाकीच्यांचा रस्ता मोकळा. कुणी मुलाजवळ थांबे. कुणी काळजावर दगड ठेवून पुढे जाई. मागे राहिलेल्यांना जर्मनीत लेखफेल्डला, नाहीतर इंग्लंडात साउदॅम्प्टनजवळच्या छावणीत ठेवीत. देवावर भरवसा ठेवा म्हणणे सोपे असते. या बायांनी तो ठेवून दाखवला.

कॅनडात जमीन मिळाली, पण ती कर्जाचीच. वर वाटखर्चाचे देणे. पुढे १९३० नंतर गव्हाचा भाव पडला, पाऊसही गेला. मग आई थोरल्या मुलींना विनिपेग, व्हँकुव्हर अशा शहरांत घरकामाला धाडी. पोरींना इंग्रजी येत नसे. घरी जर्मन बोलत. मंडळीने त्यांच्यासाठी शहरांत वसतिघरे काढली होती. गुरुवारी दुपारी सुटी मिळे, तेव्हा पोरी तेथे जमत, प्रार्थना करीत, घरची पत्रे एकमेकींना वाचून दाखवीत. पगार मात्र घरी जाई.

तुम्ही विचाराल, मंडळीच्या कारभारात या बायकांना मत होते का? त्या काळी बहुतेक ठिकाणी नव्हते. कारभार पुरुषांचा. कर्ज फेडायला मात्र पोरींची मजुरी चाले. आम्हांला हे न्यायाचे वाटत नाही.

देणे १७ लाख डॉलरांच्या वर होते. डेव्हिड टोव्ज नावाच्या धर्मगुरूने समाजाच्या वतीने कंपनीशी करार केला होता. ज्यांना जमले नाही, त्यांचा वाटा इतरांनी भरला. १९४६ साली सगळे कर्ज फिटले. पहिल्या बोटींनी आलेल्या पोरी तोवर स्वतः आया झाल्या होत्या.