जुना स्कॅनर आणि नवा संगणक

शाळेत नवा संगणक आला म्हणजे जुना स्कॅनर एकाएकी मुका होतो, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी येतो. दिवा लागतो, काच निर्मळ असते, तरीही संगणक त्यास ओळखीत नाही. मग यंत्र बिघडले असे समजून निर्लेखनाच्या यादीत त्याचे नाव चढते. ही घाई होय. अशा प्रसंगी बहुधा यंत्र धडधाकट असते. उणीव असते ती दोघांमधील दुभाष्याची.

हा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर नावाची आज्ञावली. दिवा केव्हा लावावा, काचेखालील गाडा किती सरकवावा, हे स्कॅनरला ज्या सांकेतिक भाषेत सांगावयाचे, ती बहुधा कारखान्यागणिक निराळी असते. ३२ बिटांच्या विंडोजकरिता लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटांची विंडोज स्वीकारीत नाही. अ‍ॅपलनेही २०१९ च्या कॅटालिना प्रणालीपासून ३२ बिटांच्या आज्ञावल्यांस दार बंद केले. विकून झालेल्या यंत्रासाठी नवा दुभाषी तयार करण्यात कारखानदारास लाभ तो कोणता?

ही उणीव इतरांनी भरून काढली आहे. अमेरिकेतील हॅमरिक यांची व्ह्यूस्कॅन ही आज्ञावली १९९८ पासून चालत आली असून, स्कॅनरांची भाषा उलगडून तिने हजारो प्रकारच्या यंत्रांशी बोलणे साधले आहे. ती विकत घ्यावी लागते. परंतु विनामूल्य चाचणीत उमटणाऱ्या चित्रावर खूण पडते इतकेच, तेव्हा आपले यंत्र चालते की नाही हे पैसे देण्यापूर्वीच कळते. दुसरा मार्ग लिनक्स प्रणालीवरील ‘सेन’ या मुक्त आज्ञावलीचा. तीस मोल पडत नाही. निरुपयोगी म्हणून बाजूस ठेवलेल्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवून तो केवळ स्कॅनरसाठी राखावा, हा उपाय गरीब शाळेस विशेष सोयीचा. दोन्ही ठिकाणी चालणाऱ्या यंत्रांची यादी मिळते. ती प्रथम पाहावी. काही स्कॅनरांना मूळ तबकडीवरील एक फाईल तरीही लागते, म्हणून तबकडी टाकू नये. तुटलेला पट्टा किंवा विझलेला दिवा मात्र कोणतीही आज्ञावली दुरुस्त करीत नाही. कित्येक यंत्रांच्या तळाशी वा कडेस वाहतुकीची खिट्टी असते. ती लागलेली राहिली तर गाडा हलत नाही, आणि दोष उगीच संगणकावर येतो.

एवढा खटाटोप कशासाठी? शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरातील एका ओळीवर कोणाची जन्मतारीख, कोणाचा जातीचा दाखला अवलंबून असतो. ते पान झिजले, वाळवीने खाल्ले, तर नातवंडांपर्यंत हेलपाटे पडतात. फिकट शाईचे पान दर इंचास ३०० ठिपके या प्रमाणाने, करड्या छटांत घ्यावे. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात घेतल्यास पुसट अक्षरे नाहीशी होतात. ए-४ मापाचे असे पान सुमारे २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचे, म्हणजे न दाबता सुमारे ८७ लाख बाइटांचे होते. रंगीत घेतल्यास तिप्पट. या नोंदी खासगी असल्याने त्यांची चित्रे मोबाइलवरील गटांत फिरवू नयेत. दोन निरनिराळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात, आणि मूळ वही जपावीच. रजिस्टराचे पान काचेपेक्षा मोठे असेल तर ते दोन भागांत घ्यावे, आणि मधला एक स्तंभ दोन्ही चित्रांत येऊ द्यावा. म्हणजे नाव एका चित्रात व जन्मतारीख दुसऱ्यात गेली तरी ओळ जुळविता येते.