एक रॉक बँड, एक खटला आणि शंभर माणसांचं गणित

समजा, एका चौकात शंभर माणसं आहेत. सरकारवर सगळेच चिडलेत, पण प्रत्येकाची भीती वेगळी. पहिला कोणाचीही वाट न बघता घोषणा देईल. दुसऱ्याला आधी एक जण ओरडताना दिसायला हवा, तिसऱ्याला दोघे, चौथ्याला तिघे... शेवटच्याला नव्याण्णव. काय होईल? पहिल्याला बघून दुसरा, त्यांना बघून तिसरा, असं करत अख्खा चौक ओरडायला लागेल.

आता फक्त एक बदल करा. दुसऱ्या माणसाला एकाऐवजी दोघे दिसायला हवेत. बाकी सगळे तसेच. पहिला ओरडतो आणि पुढे काहीच होत नाही! माणसं तीच, राग तोच, चौक मात्र शांत.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने हे 'उंबरठ्याचं मॉडेल' १९७८ मध्ये मांडलं. रॉक संगीताने समाज बदलतो का, या प्रश्नाकडे मला याच मॉडेलमधून बघायला आवडतं. कारण नेहमीचं उत्तर असतं, 'बंडखोर गाण्यांनी तरुण पेटून उठले', आणि ते माझ्या आवडत्या उदाहरणाला अजिबात लागू पडत नाही.

ते उदाहरण म्हणजे प्रागचा 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स'. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले, त्याच वर्षी मिलान ह्लावसाने हा बँड काढला. नाव फ्रँक झॅपाच्या गाण्यावरून घेतलेलं. राजकारणात यांना रस नव्हता. केस वाढवायचे, हवं ते वाजवायचं, बस्स. १९७० मध्ये सरकारने त्यांचा व्यावसायिक परवाना काढून घेतला. मग कार्यक्रम मित्रांच्या लग्नात किंवा कुठल्यातरी खेड्यात व्हायचे, पत्ता तोंडी कळायचा. १९७४ मध्ये तर चेस्के बुडेयोविट्सेजवळ ऐकायला आलेल्या पोरांना पोलिसांनी बडवून परत पाठवलं.

मॉडेलच्या भाषेत, अशा कार्यक्रमात 'आपल्यासारखे किती' हे प्रत्येकाला मोजता येत होतं. पण हे वर्तुळ बंद होतं. आत सगळे लांब केसवाले. बंदी घातलेले लेखक, पक्षातून हाकललेले सुधारणावादी, धार्मिक मंडळी हे सगळे आपापल्या कोपऱ्यात.

ही वर्तुळं जोडायला मदत केली ती, गंमत बघा, सरकारनेच. मार्च १९७६ मध्ये धरपकड झाली आणि सप्टेंबरमध्ये चौघांना शिक्षा. बँडचा सूत्रधार, कला-इतिहासकार इव्हान यिरोउस, याला १८ महिने. आरोप राजकीय नव्हता, हुल्लडबाजीचा होता. पण त्यामुळेच नाटककार वाक्लाव हावेलसारख्यांना धोका कळला. विरोधकांना तुरुंगात टाकणं जुनंच होतं. इथे फक्त स्वतःच्या पद्धतीने जगणारी पोरं आत गेली होती, म्हणजे उद्या कोणीही जाऊ शकत होतं. खटल्याच्या निमित्ताने एरवी एकमेकांना न भेटणारे लोक एकत्र आले. जानेवारी १९७७ मध्ये 'चार्टर ७७' हे मानवी हक्कांचं निवेदन निघालं, त्यावर सुरुवातीला २४० च्या आसपास सह्या होत्या.

म्हणजे बघा, कोणाची भीती कमी झाली असेलच असं नाही, पण 'दुसरा माणूस' दिसू लागला. लगेच क्रांती झाली असं मात्र समजू नका. चार्टरचे एक प्रवक्ते, तत्त्वज्ञ यान पाटोच्का, प्रदीर्घ चौकशीनंतर मार्चमध्ये वारले. राजवट पडायला १९८९ चा नोव्हेंबर उजाडला, तोही गोर्बाचेव्ह आणि शेजारच्या देशांतल्या घडामोडींनंतर. 'रॉकने साम्यवाद पाडला' हे वाक्य टी-शर्टवर छान दिसेल, इतकंच.

मॉडेलमध्ये मला खटकणारी एक गोष्ट आहे. त्यात उंबरठा शून्य असलेला पहिला माणूस ओरडतो आणि आपण लगेच दुसऱ्याकडे वळतो. त्या पहिल्याचं पुढे काय झालं, याला समीकरणात जागाच नाही. यिरोउसने एकूण आठ वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढला.