रुग्णालयाआधीचे रुग्णालय

अपघात झाला वा हृदयक्रिया बंद पडली, की पहिली काही मिनिटे निर्णायक ठरतात. नेमक्या त्याच वेळी डॉक्टर जवळ नसतो. मग रुग्णापर्यंत प्रथम पोहोचणाऱ्यालाच उपचार शिकवले तर? हा विचार रुजविणाऱ्यांत अमेरिकेच्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन (१९४४-२००२) अग्रणी होत्या.

१९६०च्या दशकात पिट्सबर्ग शहरात रुग्णांना बहुधा पोलिसांच्या गाडीतून नेले जाई. वाटेत उपचार जवळजवळ नसतच. डॉ. पीटर सफर यांच्या साहाय्याने तेथे १९६७ मध्ये ‘फ्रीडम हाऊस’ ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. कृष्णवर्णीय वस्तीतील बेरोजगार तरुण तिचे पॅरामेडिक बनले. पुढे या सेवेची वैद्यकीय धुरा डॉ. कॅरोलाइन यांनी सांभाळली. केवळ वर्गात न शिकवता त्या रुग्णवाहिकेतून सोबत जात. श्वासनलिकेत नळी घालण्यासारखी डॉक्टरांची मानली जाणारी कौशल्येही या तरुणांनी आत्मसात केली.

१९७५ मध्ये महापालिकेने स्वतःची सेवा सुरू केली, फ्रीडम हाऊस बंद पडले आणि त्यातील अनेक अनुभवी कर्मचारी बाजूला सारले गेले. शिकवणी मात्र टिकली. तिच्यावर आधारित अभ्यासक्रम देशभर गेला. १९७९ मध्ये डॉ. कॅरोलाइन यांचे पाठ्यपुस्तकही प्रसिद्ध झाले. पुढे इस्रायल आणि पूर्व आफ्रिकेतही त्यांनी सेवा केली.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांमागेही हेच तत्त्व आहे : उपचारांनी रुग्णालयाच्या दाराची वाट पाहू नये.