पडद्यावरची विषकन्या, मलबार हिलवरची मुमताज

१९६५च्या ‘थंडरबॉल’मध्ये नासाऊच्या एका क्लबात जेम्स बॉण्ड फिओना व्होल्पेबरोबर नाचत असतो. तिच्याच टोळीतला एकजण पडद्याआडून नेम धरतो. बॉण्ड ऐन वेळी गिरकी घेतो आणि गोळी फिओनाच्या पाठीत घुसते. तिचं कलेवर एका टेबलाशी बसवून तो चालू लागतो.

लुचिआना पालुत्झीची ही फिओना खुनी आहेच. पण त्याहून मोठा तिचा अपराध असा की, बॉण्डबरोबर रात्र काढूनही ती बधत नाही, उलट त्याचीच टर उडवते. आदल्या वर्षीच्या ‘गोल्डफिंगर’मधली ऑनर ब्लॅकमनची वैमानिक बॉण्डच्या बाजूला येते आणि तरते. १९६७च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मधली हेल्गा ब्रँट त्याला मारायला निघते, ते साधत नाही, आणि मालक तिला पिरान्हा माशांच्या तोंडी देतो. वश झाली तर जगेल, नाही तर मरेल: या खलनायिकांचा कायदा एवढाच. आपल्याला तो नवा नाही. ‘मुद्राराक्षसा’तली चंद्रगुप्तासाठी योजलेली विषकन्या चाणक्य पर्वतकाकडे वळवतो. डाव दोन अमात्यांचा, बदनामी मात्र तिची.

हाच साचा एका खऱ्या बाईवर बसवला गेला तो होळकरांच्या इंदुरात. याच मुलखातलं गौतमपुरा मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाने ओळखलं जातं. अहिल्याबाईंनी तर राज्यच चालवलं. पण विसाव्या शतकात तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबारातल्या मुमताज बेगम या नर्तिकेला निघून जायची मुभा नव्हती. आपल्या तान्ह्या मुलीचा दायांनी जीव घेतला, असा तिचा आरोप होता. मसुरीला नेलं जात असताना ती दिल्लीत अडून बसली, अमृतसरला गेली आणि पुढे मुंबईत अब्दुल कादर बावला या धनिक व्यापाऱ्याच्या आश्रयाला आली. बावला मुंबई महापालिकेचा सदस्यही होता.

१२ जानेवारी १९२५च्या संध्याकाळी मलबार हिलवर त्यांची मोटार अडवली गेली. बावलाला गोळ्या घातल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर सुऱ्याचे वार केले. तिला ओढून न्यायचा बेत फसला तो गोल्फ खेळून परतणाऱ्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांमुळे. लेफ्टनंट सीगर्ट गोल्फची काठी घेऊनच पिस्तूलवाल्यांवर धावला आणि स्वतःही जखमी झाला. पकडलेल्यांचे धागेदोरे इंदूरला पोचले. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे नऊ आरोपी उभे राहिले. त्यांत इंदूरचे सरदार आनंदराव फणसे होते आणि त्यांचे वकील होते बॅरिस्टर जिना. तिघांना फाशीची शिक्षा झाली.

त्याच वर्षी कोहिनूर फिल्म कंपनीने होमी मास्टरच्या दिग्दर्शनाखाली या प्रकरणावर ‘कुलीन कांता’ हा मूकपट काढला. चौकशी आयोग की राजत्याग, असा पेच इंग्रज सरकारने टाकला, तेव्हा फेब्रुवारी १९२६मध्ये तुकोजीरावांनी मुलगा यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली. एका नाचणारीपायी राज्य गेलं, हे सांगायला मग लोक मोकळे झाले.

हिशेब मांडायची ही रीतच बॉण्डपटांची आहे: पुरुषाचं काय गेलं ते मोजायचं आणि बिल बाईच्या नावावर फाडायचं. इथे तर तिने पिस्तूल उचललं नव्हतं, कुणाला जाळ्यात ओढलं नव्हतं. तिला फक्त इंदूरला परतायचं नव्हतं. पडद्याच्या कायद्याने तिने एक तर माघारी जायला हवं होतं, नाही तर मरायला. तिने तिसरीच वाट धरली. वार झालेला चेहरा घेऊन ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि इंदूरच्या वाड्यात काय घडलं ते भर कोर्टात सांगितलं. तुकोजीरावांना तिचं रूप भोवलं नाही, भोवली ती ही जबानी. फिओना व्होल्पेच्या वाट्याला पटकथाकाराने कोर्ट कधी येऊच दिलं नाही.