लाल रेघेच्या खालची ओळ

“मी तं फक्त वाचून राहिलो सर, बदलतो कुठं?” शेगावात इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा स्क्रीनवरच्या लाल रेघेवर बोट ठेवून विचारतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या १३ तालुक्यांच्या पावसाच्या नोंदी जमवणारा त्याचा छोटा प्रोग्राम रस्ट भाषेत आहे आणि बॉरो चेकरने, म्हणजे उसन्या रेफरन्सवर नजर ठेवणाऱ्या कंपायलरच्या तपासनिसाने, तो ई०५०२ या एररवर अडवलाय.

भांडण तीन ओळींचं. पहिलीत यादीतल्या पहिल्या, म्हणजे चिखलीच्या नोंदीचा रेफरन्स उसना घेतलाय. दुसरीत यादीला लोणारची नोंद जोडलीय. तिसरीत चिखलीचा आकडा छापलाय. लाल रेघ दुसरीखाली येते आणि नवा माणूस तिथेच झटत बसतो. मी त्याला सगळ्यात खालची निळी खूण वाचायला लावतो: हा रेफरन्स पुढे इथे वापरलाय. ती तिसरी ओळ नसती, तर उसनवारी आधीच संपली असती. रस्टला ही समज २०१८ च्या आवृत्तीसोबत आली. तोवर रेफरन्सचा ब्लॉक संपेपर्यंत उसनवारी चालूच धरली जाई आणि निर्दोष कोडही अडकत असे.

पण नोंद जोडल्याने वाचण्यात काय बिघडतं? यादी मेमरीत सलग असते. सुरुवातीला ती चार नोंदींची जागा घेते, मग आठ, मग सोळा. पाचवा तालुका आला की सगळ्या नोंदी दुसरीकडे हलू शकतात आणि चिखलीचा रेफरन्स सोडून दिलेल्या जागेकडे बोट दाखवत राहतो. सी++ मध्ये असा कोड बिनतक्रार कंपाइल होतो, जागा हलेपर्यंत उत्तरही बरोबर देतो. मला भीती वाटते ती त्या बरोबर उत्तराची.

“क्लोन मारू का?” एरर जाईल. पण हवा आहे फक्त मिलिमीटरचा आकडा. त्यासाठी नावागावासकट अख्खी नोंद कशाला उचलायची? नुसता आकडा कॉपी करता येतो. मात्र चिखलीची नोंद मागून दुरुस्त होऊन येते, असं तो सांगतो. मग कॉपी शिळी ठरेल. शेवटी तो रेफरन्सऐवजी नोंदीचा क्रमांक जपतो आणि छापताना यादीत पुन्हा बघतो. कंपायलर गप्प होतो. पण उद्या यादी पावसाच्या क्रमाने लावली, तर त्याच क्रमांकावर दुसराच तालुका असेल आणि ते बॉरो चेकर पकडणार नाही. म्हणून सॉर्टिंग वेगळ्या यादीवर करायचं ठरतं.