विश्लेषण : जाळ्यात सापडलेले कासव मेलेले की बेशुद्ध? उत्तर त्याच्या तीन कप्प्यांच्या हृदयात

वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी या रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. मासेमारीही त्याच काळात जोरात असते. ट्रॉलचे जाळे वर ओढले की कधी मासळीसोबत कासवही येते, निपचित, मान लोंबलेली. ‘मेले’ म्हणून ते पुन्हा पाण्यात टाकले जाते. अशा कासवांपैकी काही त्या क्षणी जिवंत असतात आणि पाण्यात टाकल्यावर मात्र खरोखर बुडतात. हा घोटाळा का होतो, हे समजण्यासाठी कासवाच्या हृदयात डोकवावे लागते.

समुद्रात राहणारे कासव बुडते कसे?

कासव माशासारखे पाण्यातला ऑक्सिजन घेत नाही. त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसे आहेत. श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. तरीही ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेंना यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात दोन तासांहून अधिक लांबीच्या बुड्या नोंदल्या गेल्या. एका श्वासावर दोन तास! शीतरक्ताचा प्राणी असल्याने त्याचा ऑक्सिजनचा खर्च मुळातच कमी, हे एक कारण. दुसरे कारण हृदय.

त्याच्या हृदयात वेगळे काय?

घरी बांगडा किंवा सुरमई साफ करताना कल्ल्यांच्या मागे, खालच्या बाजूला गडद लाल रंगाचा छोटा गोळा दिसतो. ते माशाचे हृदय. त्यात मुख्य कप्पे दोनच, एक अलिंद आणि एक निलय. रक्त हृदयातून कल्ल्यांकडे, तिथून थेट शरीरभर आणि मग परत हृदयात, असा एकच फेरा. (कोळंबीचा मामला त्याहून साधा. तिचे रक्त बंद नळ्यांतून परतत नाही, अवयवांभोवतीच्या पोकळ्यांतून फिरून हृदयात येते. त्यात लोहाऐवजी तांबे असल्याने ते लालही नसते.)

माणसाच्या हृदयात चार कप्पे. उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी शरीराकडे, आणि मध्ये पक्की भिंत. त्यामुळे दोन्ही बाजूंना तेवढेच रक्त जावे लागते. आपण पाण्याखाली श्वास रोखला तरी हृदय फुप्फुसांकडे रक्त पाठवतच राहते, तिथे ताजी हवा असो वा नसो.

कासव या दोघांच्या मध्ये आहे. वर दोन अलिंदे, खाली एकच निलय. पण ती साधी पिशवी नव्हे. आतल्या स्नायूच्या कडेमुळे निलयाचे अर्धवट भाग पडतात आणि शुद्ध-अशुद्ध रक्त बऱ्यापैकी वेगळे राहते. शाळेच्या पुस्तकात याला ‘अपूर्ण विभागलेले’ म्हणतात आणि आपण ते ‘कच्चे’ असे वाचतो. हा शब्दाचा दोष. कासवासाठी ती उघडी वाट सोयीची आहे.

बुडी मारल्यावर काय घडते?

कासव खाली गेले की हृदयाचे ठोके मंदावतात. लेदरबॅक जातीच्या कासवात पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे २५ असलेले ठोके बुडीत १७ च्या आसपास येतात. त्याच वेळी फुप्फुसांकडे जाणारी धमनी आकसते. तिकडची वाट अरुंद झाल्याने निलयातले बरेचसे रक्त फुप्फुसे टाळून पुन्हा शरीराकडे वळते. वर येऊन श्वास घेतला की धमनी सैल होते, ठोके वाढतात आणि फुप्फुसांत भराभर रक्त जाते. या वळणाचा नेमका फायदा कोणता, यावर संशोधकांत वाद आहे. फुप्फुसातला ऑक्सिजन पुरवून वापरता येतो असे काही म्हणतात. खोलवर दाबाखाली नायट्रोजन रक्तात कमी मिसळतो, असे इतर काहींचे मत.

मग जाळ्यात काय बिघडते?

ही सारी काटकसर शांत कासवाची. जाळ्यात अडकलेले कासव जिवाच्या आकांताने धडपडते. ठोके वाढतात, स्नायू ऑक्सिजन झपाट्याने संपवतात, मग ऑक्सिजनशिवाय काम करून लॅक्टिक आम्ल साठवतात. तासन्‌तासांची शिदोरी थोड्या वेळात संपते. जाळे जितका वेळ ओढले जाते, तितकी मरणाची शक्यता वाढते. घाबरलेल्या कासवाच्या फुप्फुसांकडे नको तेव्हा रक्त जाते, नायट्रोजन मिसळतो आणि जाळे भरकन वर आले की रक्तात बुडबुडे होतात. पाणबुड्यांना होणारा हाच त्रास स्पेनच्या वॅलेन्सिया किनाऱ्यावर जाळ्यात सापडलेल्या कासवांत आढळल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर कासवांना तो होत नाही असेच मानले जाई.

अशा अवस्थेत कासव बेशुद्ध होते. श्वास दिसत नाही, ठोके इतके मंद की हाताला लागत नाहीत. पण हृदय चालू असू शकते आणि रक्तातले आम्ल निवळायला कित्येक तास लागतात.

बोटीवर काय करावे?

कासव पाठीवर उलटे करू नये. पोटावर ठेवून मागची बाजू वीतभर उंच करावी, म्हणजे फुप्फुसातले पाणी निथळते. सावलीत, ओल्या कापडाखाली ठेवावे. नाकपुड्या मोकळ्या असाव्यात, अंगावर सतत पाणी ओतू नये. अधूनमधून पापणीला किंवा शेपटीला हलकेच स्पर्श करून हालचाल पाहावी. शुद्धीवर यायला चार तास लागतील, कधी चोवीसही. हालचाल नीट सुरू झाल्यावर बोटीचे इंजिन न्यूट्रलवर घेऊन, जाळे पाण्यात नसताना, कासव अलगद सोडावे.

चोवीस तास डेकवर कासव सांभाळायचे म्हणजे मच्छीमाराची अडचण आहेच. पण निदान पहिले काही तास तरी घाई टाळता येते. कासव सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले तर राज्यात २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. सुटकेचा फोटो-व्हिडीओ काढून ठेवलेला बरा. किनाऱ्यावर कासव सापडल्यास वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

जाळ्यातच कासवाला बाहेर पडायला वाट ठेवणारी सळ्यांची चौकट कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने भारतीय ट्रॉलसाठी तयार केली आहे. ती सर्रास वापरात नसल्याचे कारण देत अमेरिकेने २०१९ मध्ये भारताच्या समुद्रातल्या कोळंबीची आयात थांबवली.

एका मादीचा पल्ला किती, हेही ध्यानात घ्यावे. ओडिशात मार्च २०२१ मध्ये खूण केलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून श्रीलंकेला वळसा घालून कोकणात, म्हणजे सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, आणि वाटेत दोन्ही किनाऱ्यांवरच्या बोटींची जाळी.